उरुसाचे मुळे

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं ठरलं होतं. आबांनी ती मला मेथीच्या जुड्या बांधता बांधता सांगितली आणि शेवटी म्हणाले, “लतीफबाबांनी ती कधी कुणाजवळ बोलून दाखवली नाही. मग आपण कोण सांगणारे?” मी मान हलवली होती. तरी लिहिते आहे.

गोष्टीतला केरबा म्हणजे माझे आबाच. पण तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि त्यांना कुणी आबा म्हणत नव्हतं. म्हणून मीही केरबाच म्हणते.

*

“…मग खोट कशात आहे, तेवढं तरी सांगा, बाबा.”

केरबाने हे तिसऱ्यांदा विचारलं.

लतीफबाबा लसूण सोलत होते. त्यांनी एक पाकळी सोलली, वाडग्यात टाकली आणि दुसरी घेतली.

बाबा फकीर होते. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ त्यांचा तकिया होता. एक जुनी मजार, एक कडुनिंब, सहा पेरूची झाडं, रहाट लावलेला आड आणि दोन खोल्यांचं कौलारू घर. आता त्यातली मजार तेवढी राहिली आहे. पेरूंच्या जागी पत्र्याची शेड झाली. पण त्या बाजूने जाताना आबा अजूनही पाय हळू टाकतात, कुणी झोपलं असावं तसे.

पौषात तकियात उरुस भरायचा. त्या दिवशी सगळं गाव एका पंगतीला बसायचं. पानात भात, डाळ आणि एक अख्खा कच्चा मुळा, पाल्यासकट. मुळा नसला तर उरुस जेवल्यासारखं कुणाला वाटत नसे.

हे मुळे पुरवायचा मान गावातल्या एकाच घराचा असे. वीस वर्षं तो केरबाच्या वडिलांकडे, तात्यांकडे, म्हणजे ज्ञानू माळ्याकडे होता. ज्ञानू गेला आणि मान दुसऱ्या घरी गेला. तीन वर्षांनी, यंदा, गावाने तो पुन्हा केरबाच्या घराला देऊ केला होता.

पण गावाने देऊन तो पक्का होत नसे. आदल्या दिवशी पाट्या तकियात आणायच्या. बाबा पाटीला हात लावून “आत घ्या” म्हणाले, की मान पक्का. नाही म्हणाले, तर शेजारच्या घराला निरोप.

केरबाने सकाळीच आठ पाट्या आणून पडवीत ठेवल्या होत्या. आता ऊन पेरूच्या झाडांखालून सरकून पलीकडे गेलं होतं. बाबांनी पाट्यांकडे एकदा पाहिलं होतं. हात लावला नव्हता.

घरी आई वाट पाहत होती. निघताना ती म्हणाली होती, “तात्यांचा मान घेऊन ये. नुसता हात हलवत येऊ नकोस.”

आणि मुळे तर असे होते, की येणाराजाणारा थांबून पाहत होता. हातभर लांब, सरळ, पांढरेशुभ्र. मातीचा एक कण नाही. बाबांची बहीण आमिनाचाची, जिच्या हातची डाळ खायला माणसं दोन कोसांवरून येत, तीसुद्धा पदराला हात पुसत बाहेर आली होती.

“अरे, मुळे आणलेस की वरात?”

केरबा खूश झाला होता. पण ते सकाळी.

“बाबा…”

“खत कुठलं घातलंस?” बाबांनी विचारलं. नजर लसणावरच.

केरबा सावरून बसला. याचीच तर तो वाट पाहत होता. सहा महिने शेतकी शाळेत काढून आला होता तो. तालुक्याच्या प्रदर्शनात त्याच्या मुळ्यांना पहिलं बक्षीस मिळालं होतं.

“शेणखत. वर्षभर कुजवलेलं. हातात घेतलं तर नुसता मातीचा वास. कच्चं शेण मी वाफ्याच्या जवळपास येऊ देत नाही.”

“पानांवर मावा पडला होता म्हणे, कीड.”

“पडला होता. एकदाच फवारलं. महिना होऊन गेला त्याला. आणि पंप लांब बांधावर धुतला, विहिरीपाशी नाही.”

“कोंबड्या?”

“चारी बाजूंनी काटे लावलेत. कोंबडीचं पीससुद्धा उडून आत येत नाही.”

“काढताना हात?”

“साबणाने धुतले. आईलाही धुवायला लावले. ती म्हणाली, मुळे उपटायचेत की देव्हाऱ्यात जायचंय?”

बाबा हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे ते हसले की लहान मुलासारखे दिसत.

“शाळा चांगली होती तुझी.”

“पहिला नंबर होता, बाबा.”

“हं…”

लसूण संपला. बाबांनी सालं गोळा करून परसात टाकली. मग शेजारचा रिकामा तांब्या उचलून केरबापुढे धरला.

“तहान लागली. हे मुळे ज्या पाण्यात धुतलेस ना, त्यातलं तांब्याभर आण.”

केरबा उठला. एवढंच ना, असं त्याला वाटलं.

*

ओढा तकियापासून हाकेच्या अंतरावर होता. पहाटे केरबाने गाडी तिथेच थांबवली होती. एक सपाट दगड होता, त्यावर गावातले सगळे माळी भाजी धुवायचे. ओल्या गोणपाटाने मुळा घासला की तो असा उजळायचा, की बाजारात गिऱ्हाईक आधी त्याच पाटीकडे वळायचं. वाहतं पाणी. कुणाला वेगळं काही वाटायचं नाही.

दगडावर अजून त्याच्याच मुळ्यांची पानं चिकटलेली होती.

केरबा वाकला. तांब्या बुडवला.

वरच्या बाजूला, वळणावर, तीन म्हशी डुंबत होत्या. त्यांच्या वर एक बाई बाळाची दुपटी पिळत होती. आणि त्याच्याही वर, गावाला लागून, बाभळींची रांग होती. पहाटे उठून माणसं तांब्या घेऊन त्या बाभळींकडेच जात. केरबाही जात असे.

हे सगळं तो रोज पाहत होता. आजही पहाटे पाहिलं होतं.

त्याने तांब्यातल्या पाण्याकडे पाहिलं. स्वच्छ दिसत होतं. तरी त्याने ते ओतलं आणि थोडं पुढे सरकून पुन्हा भरलं. तेही स्वच्छ दिसत होतं. तेही ओतलं.

मग उठला. तकियाच्या मागच्या बाजूने वर आला. आडावर गेला, खुंटीची घागर काढून आत सोडली, ओढली. तांब्या तीनदा विसळला, मातीने घासला, पुन्हा विसळला. मग भरला.

बाबांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. ओठांपर्यंत नेला आणि थांबले.

“हे कुठलं?”

“आडातलं.”

“मी कुठलं मागितलं होतं? ओढा आटला का?”

“नाही बाबा.”

“मग?”

केरबा खाली पाहत राहिला. “तुम्हाला ते कसं द्यायचं, बाबा?”

बाबा उठून पाट्यांकडे गेले. सगळ्यांत मोठा मुळा त्यांनी देठाला धरून उचलला, केरबाचा हात ओढून तळवा वर केला आणि त्यावर मुळा झटकला.

पाल्यातून दोन थेंब पडले.

“आणि हे कुठलं?”

*

केरबाने हात मागे घेतला नाही. तो थेंबांकडे बघत राहिला.

“सगळेच तिथे धुतात,” तो म्हणाला. “मी एकटा नाही. गेली तीन वर्षं उरुसाचे मुळे तिथेच धुतलेत. कुणाला काय झालं? उगाच माझ्याच मुळ्यांना…”

बाबांनी भिंतीतल्या कोनाड्यातून काळ्या दोऱ्याची गुंडी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. गावातल्या बायका मुलांच्या मनगटाला बांधून घ्यायला येत, तो दोरा.

“उरुस झाला की आठ दिवसांत अशा दोन संपतात,” बाबा म्हणाले. “पोरांना काखेत घेऊन येतात. पोटात काही ठरत नाही. नजर लागली म्हणतात. गर्दीची नजर. ज्ञानू होता तेव्हा एक गुंडी मला वर्षभर पुरायची.”

केरबाला त्याची धाकटी बहीण आठवली. यमुना. गेल्या उरुसानंतर चार दिवस ती पांघरुणात अशी पडली होती, की बोलावलं तरी डोळे उघडत नव्हती. आईने तिला इथेच आणलं होतं. यमुनेच्या मनगटावरचा तो काळा दोरा परवापरवापर्यंत होता.

“यमीला तुम्हीच बरं केलंत,” तो हळू म्हणाला.

“मी दोरा बांधला. आणि पाणी उकळून, त्यात मीठसाखर घालून पाजायला सांगितलं.” बाबांनी गुंडी उचलून परत कोनाड्यात ठेवली. “तुझ्या आईच्या लक्षात काय राहिलं?”

“दोरा.”

“हं…”

“पण मग तुम्ही बोलला का नाहीत, बाबा? तीन वर्षं?”

“पहिल्याच वर्षी बोललो. त्या घरचे म्हणाले, बाबा, तुम्हाला भाजीतलं काय कळतं, तुम्ही दोरा बांधा.”

आत आमिनाचाची डेग घासत होती. घासायचा आवाज थांबला. ती सगळं ऐकत होती तर.

केरबाच्या मनात जे होतं ते त्याने आजवर कुणाजवळ बोललं नव्हतं. आईजवळसुद्धा नाही. ते आता आपोआप बाहेर आलं.

“तात्यांचे मुळे मातीने भरलेले असायचे. पाट्या घेऊन गावातून जाताना लोक हसायचे. म्हणायचे, ज्ञानू, मुळे विकतोस की शेत? मी मागे चालत असायचो. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून ठरवलं होतं, माझी पाटी जाईल तेव्हा… कुणी हसायला नको.”

“मातीचे यायचे खरे,” आमिनाचाची दारात येऊन म्हणाली. “म्हणून आम्ही लोकांच्या पानात मातीचे वाढायचो होय रे, शहाण्या? कुठे धुवायचा तुझा बाप, ते कधी बघितलंस?”

केरबाने बघितलं नव्हतं. पाट्या पडवीत टेकल्या की तो धूम ठोकायचा. बाहेर आदल्या दिवसापासूनच पाळणे लागलेले असत. लाकडी घोडे, पिपाण्या, शेव-चिवड्याच्या पाट्या, साखरेच्या पाकाचा वास… दिवे लागायच्या वेळेला तात्या यायचे आणि त्याला जिलबी घेऊन द्यायचे. जिलबीचा द्रोण धरलेला त्यांचा हात गार पडलेला असायचा आणि बोटांच्या टोकांना सुरकुत्या असायच्या. त्याला वाटायचं, म्हातारपण आलं.

“त्या आडावर,” चाची म्हणाली. “दुपारपासून दिवे लागेपर्यंत.”

*

केरबाने सूर्याकडे पाहिलं. अजून तीन-चार तास उजेड होता. अर्धा वाफा शेतात तसाच उभा होता.

“चाची, हे मुळे…”

“हे मला दे. पाला आणि मुळे चिरून डाळीत घालते. घटकाभर रटरट उकळले की काही राहायचं नाही त्यांच्यात. विळीही मग उकळत्या पाण्याने धुईन, तू काळजी करू नकोस. पण पानातला कच्चा मुळा तेवढा…”

“आणतो.”

त्याने भराभर पाट्या रिकाम्या केल्या आणि त्या गाडीत फेकायला लागला. चौथी पाटी हातात असताना थांबला. पाटीच्या विणीतून पाणी ठिबकत होतं.

बाबा बघत होते.

केरबाने गाडीतल्या तीन पाट्याही पुन्हा खाली काढल्या. आठच्या आठ भिंतीला उन्हात उपड्या लावल्या आणि रिकामी गाडी हाकली.

घरी दोरीवर आईची दोन लुगडी वाळत होती. त्याने ती ओढली.

“अरे, अरे! माझी लुगडी कशाला?”

“मुळे बांधायला.”

“धुतलेली आहेत ती!”

“म्हणूनच पाहिजेत. चल, उपटायला ये. हात धू आधी.”

“पुन्हा?”

आई बडबडत आली, पण आली. मान मिळाला का, हे तिने वाटेत विचारलं. केरबा म्हणाला, “अजून नाही.” मग तिने पुढचं काही विचारलं नाही आणि दोघं उन्हं कलायच्या आत होईल तेवढं उपटत राहिली.

परत जाताना पारावरची माणसं बसलेलीच होती. सकाळी त्यांनी पांढऱ्याशुभ्र पाट्या जाताना पाहिल्या होत्या. आता लुगड्यांच्या गाठोड्यांतून माती सांडत होती.

“काय केरबा! सकाळी नवरी नेलीस, आता सासूला आणलंस का?”

सगळे हसले.

“शेतकी शाळेत माती खायला शिकवतात वाटतं!”

आणखी हसले.

केरबाला उत्तर सुचलं होतं. चांगलं खरमरीत होतं. पण ते दिलं असतं तर सकाळच्या मुळ्यांचंही सांगावं लागलं असतं. त्याने बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि चालत राहिला. मान खाली घालून चालणारे तात्या त्याला आठवले. ते अगदी असेच चालायचे.

*

आडाचं पाणी खोल होतं. रहाट जुना. दोर ओढला की तो असा करकरायचा, की कडुनिंबावरचे बगळे उडायचे. मध्येच कुठेतरी चाक अडायचं. मग घागर अर्ध्यावर थांबायची, हिंदकळायची आणि वर येईतो पाऊण राहायची.

पहिलं पाणी माती काढायला. दुसरं पाल्यातली रेती काढायला. तिसरं नुसतं वरून ओतायचं. ते चरातून बाहेर वाहून जायचं, पुन्हा वापरायचं नाही. घागर जमिनीला टेकवायची नाही. धुतलेला मुळा चाचीने अंथरलेल्या धुवट चादरीवर. चादरीवर पाय नाही.

आई निवडत होती. चिरलेले, किडके बाजूला.

पौषातली संध्याकाळ. बोटं आधी लाल झाली, मग पांढरी, मग केरबाला ती आहेत की नाहीत तेच कळेना.

अर्धा ढीग झाला तेव्हा बाबा आले. चादरीपाशी बसले. हे मुळे सकाळच्यासारखे नव्हते. पांढरे होते, पण देठापाशी, जिथे बारीक घड्या असतात, तिथे मातीची रेघ राहिली होती. बाबांनी त्यातला एक उचलला आणि पुढचे दात नसल्यामुळे बाजूच्या दातांनी करकन तोडला.

पेरूच्या झाडांत पाखरं कलकलत होती. बाबा बराच वेळ चावत राहिले.

मग त्यांनी चादरीवर हात ठेवला.

“आमिना… आत घ्या.”

आईने डोळ्यांना पदर लावला. केरबानेही काहीतरी बोलायला हवं होतं. पण अजून अर्धा ढीग उरला होता आणि घागर आडात होती.

त्याने दोर ओढला. रहाट अडला. त्याने हिसका दिला. घागर हिंदकळली, त्याच्या अंगावर गार पाण्याचा फवारा आला.

एवढं सगळं तात्या वीस वर्षं कसे करत होते? कुणी बघायला नव्हतं. उलट लोक हसत होते. काहीतरी असलं पाहिजे. काहीतरी, जे तात्यांना ठाऊक होतं आणि त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेत तर नाहीच.

“बाबा.”

“हं?”

“तात्या इथे पाणी ओढायचे, तेव्हा तुम्ही जवळच बसलेले असायचात ना?”

“इथेच. या दगडावर.”

“मग ओढताना ते तोंडाने काय म्हणायचे? अभंग म्हणायचे? की कुणाचं नाव घ्यायचे? मला सांगा. मीही तेच म्हणेन.”

बाबांनी डोळे मिटले. आठवत होते. त्यांच्या सुरकुतलेल्या तोंडावर हळूहळू हसू आलं आणि तसंच राहिलं…

“शिव्या घालायचा रे,” ते म्हणाले. “या रहाटाला.”

*

त्यावर केरबा काय म्हणाला, ते तर राहिलंच. आबा सांगतात की त्यांनी दोर घट्ट धरला आणि… आई हाक मारतेय. आले गं आई, आले! एवढं एकच वाक्य, मग